पंपाच्या खोलीतला हिरवा दिवा

आमच्या लोकांची एक खूण सांगते. कुठल्याही कारखान्याच्या फाटकातून आत शिरलो की आम्ही आधी मान वर करून वाऱ्याची पिशवी शोधतो. ती नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची पिशवी कुठल्या बाजूला फुगलीय ते बघितल्याशिवाय आमचा पाय पुढं पडत नाही. चुलतबहिणीच्या लग्नात मी मांडवामागं जाऊन, जनरेटरचं डिझेल आचाऱ्याच्या भट्टीपासून किती लांब ठेवलंय ते बघून आले आणि मगच अक्षता हातात घेतल्या. घरचे कपाळाला हात लावतात. हदगावची माझी आत्या दर दिवाळीला विचारते, "तू नेमकं करतीस तरी काय गं?" मी सांगते, "काही होऊ नये म्हणून पगार घेते." तिला ते अजून पटलेलं नाही.

मी लातूरच्या एमआयडीसीत, सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कारखान्यात आहे. दाण्यातून तेल सोडवून घ्यायला आम्ही हेक्झेन वापरतो. दिसायला पाण्यासारखं, वासाला पेट्रोलच्या घराण्यातलं, आणि एक ठिणगी दिसली की भडकायला एका पायावर तयार. ते टाकीत, नळीत, पंपात, म्हणजे जिथं असायला हवं तिथंच राहील हे बघणं माझं काम. आमच्याकडं आत येताना मोबाइल फाटकावरच्या लाकडी खणात ठेवावा लागतो, अंगात सुती कपडे लागतात आणि हातोडीसुद्धा पितळेची असते.

असली जोखमीची द्रव्यं सांभाळणारे नांदेड-लातूर भागातले आम्ही बारा-तेरा जण आहोत. कुणी पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर क्लोरीनच्या टाक्या सांभाळतो, कुणी बर्फाच्या कारखान्यात अमोनिया, कुणाकडं कीटकनाशकांचं गोदाम, मुदखेडच्या एकाकडं टँकरचा ताफा. दर दोन महिन्यांनी एका शनिवारी आम्ही भेटतो, एकदा नांदेडला, एकदा लातूरला. कुणी सरकारनं सांगितलं नाही, कुणी प्रमाणपत्र देत नाही. तरी लोक यष्टीत उभं राहून येतात.

हे सुरू केलं माझ्या पहिल्या साहेबांनी. बीएस्सी झाल्यावर मी नांदेडला बर्फाच्या कारखान्यात लागले, तिथं त्यांनी मला अमोनिया शिकवला. ते म्हणायचे, "पुस्तकातलं समद्याला येतंय. आपुन कुठं चुकलो, ते कुनी सांगत न्हाई. ते सांगायला एक जागा पायजे." म्हणून आमच्या बैठकीला एक वही असते आणि तिच्यात फक्त चुका असतात. माणसाचं नाव नाही, कारखान्याचं नाही. कुठलं द्रव्य आणि काय चुकलं, एवढंच. त्या सवयीनंच मी इथंही कुणाचं नाव लिहीत नाहीये.

बैठकीची रीत ठरलेली आहे. ज्याच्याकडं बैठक, त्याचा कारखाना सगळ्यांनी फिरून बघायचा. पाहुण्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, चूक दाखवायची नाही. यजमानानं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, सबबी सांगायच्या नाहीत. शेवटी यजमानानं आपली चूक आपल्या तोंडानं, आपल्याच कामगारांसमोर सांगायची. मग प्रत्येकानं आठ दिवसांत आपापल्याकडं तीच चूक शोधायची. पहिल्या बैठकीत मी औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेच्या तोऱ्यात गेले होते. पन्नाशीचा एक माणूस उभा राहिला, आपल्या माणसांकडं बघून "मी चुकलो" म्हणाला, आणि लोकांनी त्याला चहाचा पहिला कप दिला. मला तिथंच रडू आलं आणि त्या दिवसापासून मी एकही बैठक चुकवली नाही.

तर आता बैठक माझ्याकडं होती. आणि ती नुसती बैठक नव्हती.

झालं असं, की आमच्या कारखान्याच्या सुरक्षेचा सगळा चार्ज बघणारे अधिकारी निवृत्त झाले होते. काम मीच रेटत होते, पण सही माझी नव्हती. सही नसली की काय होतं, ते सही नसलेल्यालाच कळतं. पंप बंद करा म्हणायचं आणि चौघांच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. मला तो चार्ज हवा होता. लई हवा होता, लपवत नाही. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मॅडम, चार्ज तुमाला द्यायचा का पुण्याहून मानूस आनायचा, ते मी ठरवून राहिलो. तुमची ती मंडळी येऊ द्या, आपला कारखाना बघू द्या. मी बी मागं मागं फिरतो. मंग बोलू."

मी मनात म्हटलं, बघाच तुम्ही!

मला दाखवायला एक हुकमी गोष्ट होती. हेक्झेनचा मोठा पंप एका खोलीत आहे, जमिनीपासून तीन पायऱ्या खाली. वर्षभरापूर्वी त्या खोलीत वाफ पकडणारा डिटेक्टर बसवा म्हणून मी मालकांशी चार महिने भांडले होते. शेवटी ते वैतागून "आना बाई" म्हणाले. तो मी स्वतः उभं राहून बसवून घेतला, भिंतीवर थेट छताजवळ, कुणाचा धक्का लागू नये असा. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, लाल झाला आणि भोंगा वाजला की बाहेर पळायचं. रोज फाटकातून आले की मी आधी त्या खोलीत डोकावून तो हिरवा दिवा बघायची. बघितला की मला बरं वाटायचं.

शनिवारी सकाळी नांदेडची जीप आली तेव्हा मी फाटकावर अशी उभी होते की जणू माझ्याच घरी कार्य आहे. पहिले उतरले ते क्लोरीनवाले मामा. दहावी शिकलेले, पण क्लोरीनच्या टाकीला नुसता हात लावून तिची तब्येत सांगणारे. त्यांच्या हातात पाण्याचा वीस लिटरचा जार!

"हे काय मामा?"

"लातूरला येऊन राहिलो, ताई. म्हनलं आपलं पानी आपुन घेऊन जावं."

सगळी जीप हसली. नांदेडवाल्यांना गोदावरीचा माज आहे आणि लातूरच्या पाणीटंचाईवरून आम्हाला तो दर वेळी ऐकावा लागतो. मीही सोडलं नाही. "मामा, तुमच्या पाण्यात तुमचाच क्लोरीन असणार, आमचं साधं पाणी प्या, पोट सुधारेल." माझे अमोनियावाले साहेब मागून उतरले, आधी मान वर करून वाऱ्याची पिशवी बघितली, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वारा पश्चिमेचा. बरी हाईस का?" चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला, मोबाइल खणात गेले. मुदखेडच्या टँकरवाल्यांच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट निघाला, त्यांना आमचा सुती कोट चढवला. तो त्यांच्या पोटावर लागेना. हसून हसून पुरेवाट झाली आणि त्या हसण्यातच आम्ही आत निघालो.

काय सांगू तो तास! साठवणीच्या टाक्या, टँकर उतरवायची जागा, आगीचे नळ. प्रश्नांवर प्रश्न. "टँकरला अर्थिंगची तार आधी लावता का नळी आधी जोडता?" तार आधी. "व्हॉल्व्हच्या कुलपाची किल्ली कुनाकडं?" ड्यूटीवरच्याकडं, दुसरी फाटकावर. मी धडाधड उत्तरं देत होते. मागं मालक हाताची घडी घालून ऐकत होते आणि एक-दोनदा त्यांनी मान हलवलेली मी तिरक्या नजरेनं टिपली. पुण्याचा माणूस मला लांब लांब जाताना दिसायला लागला.

मग आम्ही पंपाच्या खोलीशी आलो. पंप चालू होता. पंप सांभाळणारे काका दारात उभे होते, साठीला आलेले, या कारखान्यात माझ्या कितीतरी आधीपासून. मी मोठ्या दिमाखात वर बोट करून डिटेक्टर दाखवला. हिरवा दिवा मस्त चमकत होता. खोली लहान, म्हणून बाकीचे बाहेर थांबले. क्लोरीनवाले मामा वाफ मोजायचं आमचं हातातलं मीटर घेऊन दाराशी आले, डिटेक्टरकडं बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी काकांना विचारलं, "काका, तुमी दुपारचं जेवता कुठं?"

"हितंच की. खालच्या पायरीवर. उन्हाळ्यात लई गार लागतंय. ताई म्हनल्या, बसा निवांत, वर डिटेक्टर हाय."

मी तसं खरंच म्हणाले होते.

मामा माझ्याकडं वळले. "ताई, हेक्झेनची वाफ वर जाती का खाली?"

याचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. परीक्षेत मी यावर पूर्ण गुण घेतलेत. "खाली," मी म्हणाले. "हवेपेक्षा तिप्पट जड असते. जमिनीलगत पसरते."

म्हणाले आणि माझेच शब्द माझ्या कानांवर आदळले. जमिनीलगत. आणि डिटेक्टर छताजवळ! अमोनिया हलका, तो वर जातो, त्याचा डिटेक्टर वर लावतात. चार वर्षं नांदेडला मी वरच लावत आले होते. डोक्याला हेक्झेन माहीत होतं, पण जागा दाखवताना हात अमोनियाचाच निघाला. 

 मामा दारातच गुडघ्यावर बसले आणि मीटरची नळी खालच्या पायरीपर्यंत सोडली. क्षणभर काही नाही. मग मीटर चिरकायला लागलं. स्फोट व्हावा एवढी वाफ नव्हती, त्याच्या बरीच अलीकडं होती, पण होती. पंपाच्या दांड्याजवळचं सील झिजून बारीक गळत होतं. आणि वर, छताजवळ, माझा हिरवा दिवा शांतपणे हिरवाच.

त्यानंतरची काही मिनिटं मला आजही जशीच्या तशी दिसतात आणि खरं सांगते, आठवली की अंगावर शहारे येतात, आनंदानं! कारण कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. मी बाहेरच्या बटणावरून पंप बंद केला. काका टाकीकडचा व्हॉल्व्ह फिरवायला निघाले, तर साहेब आधीच त्यांच्या बाजूला. कुणीतरी विचारलं, "वारा?" पाच-सहा तोंडांतून एकदम आलं, "पश्चिमेचा!" आणि सगळी मंडळी मालकांना मधे घेऊन पश्चिमेला, वारा येत होता त्या बाजूला, सरकली. दोघं फाटकाकडं गेले, आत येणारा ट्रक थांबवला. निरनिराळ्या गावची, निरनिराळ्या कारखान्यांतली माणसं, कुणी कुणाला हुकूम दिला नाही आणि प्रत्येक जागी एक माणूस उभा होता. थोड्या वेळानं मामांनी पुन्हा मीटर सोडलं. शून्य. पुन्हा सोडलं, शून्य. तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास सोडला.

मालक तर उड्याच मारायचे बाकी होते. शेडमध्ये चहा आला तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, मानलं तुमच्या मंडळीला! गळती पकडली की! पुण्याचा मानूस कशाला पायजे? चार्ज तुमचाच समजा."

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. आता रीतीप्रमाणं मी उभं राहून माझी चूक सांगायची होती.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मी विचार केला. सील गळत होतं, असं म्हटलं असतं तर ते पूर्ण खरं वाक्य होतं. मालकांना उंचीचा मुद्दा कळला नव्हता. डिटेक्टर उद्या हळूच खाली आणता आला असता. मी मामांकडं बघितलं, ते आपल्या बुटांकडं बघत होते. साहेब चहा फुंकत होते. ते दोघं कधीच बोलणार नव्हते, आमची रीतच तशी आहे. चार्ज हातात आलेला होता आणि तो हातातून घालवायचा तर मीच घालवायला हवा होता.

मग माझी नजर काकांवर गेली. ते टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात.

मी उभी राहिले. "सील गळालं ती चूक यंत्राची," मी म्हणाले. "माझी चूक वेगळी आहे. हेक्झेनची वाफ खाली बसते आणि डिटेक्टर मी छताजवळ लावला. मीच जागा दाखवली, मीच लावून घेतला. तो वाजलाच नसता."  "काका, मी तुम्हाला निवांत बसा म्हणाले. मी चुकले."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. काका म्हणाले, "म्हंजी वरीसभर त्यो दिवा हिरवा व्हता, ते..."

"ते काही कामाचं नव्हतं, काका."

त्यांनी मान हलवली, टोपी नीट केली आणि उठून निघून गेले. मालकांनी कप खाली ठेवला. "कुनी सांगितलं व्हतं वर लावाया?" "मीच." ते चहा अर्धा टाकून केबिनकडं गेले.

चहाचा दुसरा, ताजा कप माझ्या हातात आला. आमच्यात कुणी धीर वगैरे देत नाही. साहेबांनी वही उघडली, माझी चूक लिहिली आणि तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. मग वर बघून म्हणाले, "वर लावायचं शिकवलं मी. खाली कधी लावायचं ते शिकवायचं राहिलं. माझी बी लिहिली." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

आणि मग फाटकावर जे झालं! खणातून मोबाइल हातात पडताच रस्त्याच्या कडेला रांगेनं उभे राहून सगळे आपापल्या ठिकाणी ओरडायला लागले. "क्लोरीनचा डिटेक्टर किती उंचीवर हाय? डोळ्यानं नगं सांगू, टेप लाव टेप!" देगलूरकडचे एक जण तेलुगूत तावातावानं काहीतरी विचारत होते आणि हातानं गुडघ्याची उंची दाखवत होते, जणू पलीकडच्याला ते दिसतंय. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. आणि क्लोरीनवाले मामा, ज्यांनी माझी चूक पकडली तेच मामा, फोन कानाला लावून ऐकता ऐकता मोठ्यानं हसत म्हणाले, "ताई, आमच्या दुसऱ्या केंद्रावरचा बी खांद्याच्या वर हाय की हो! क्लोरीन बी जडच. आठ दिवस कशाला, आजच खाली घेतो!" माझी चूक तासाभरात सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाऊन दुसरीकडच्या माणसाच्या कामाला आली होती. एवढा पराभव होऊन मी एवढी खूश कशी, हे मला घरी जाईपर्यंत कळेना.

रविवारी सील बदललं आणि डिटेक्टर गुडघ्याच्या उंचीवर आला. टेप मीच धरली. मालकांनी माझा फोन उचलला नाही.

सोमवारी सकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. आत गेले तर काका आधीच उभे. मला वाटलं, संपलं. यांनी तक्रार केली आणि योग्यच केली. मालक कागदांत बघत म्हणाले, "मॅडम, ह्यो मानूस सकाळपासून हितं उभा हाय. काय म्हनतोय ते तुमीच ऐका."

काका माझ्याकडं न बघता मालकांशीच बोलले. "पुन्याचा मानूस आनला तर मला दुसऱ्या खात्यात टाका, मी पंपावर ऱ्हानार न्हाई. इतकी वर्सं झाली, साहेब आले, गेले. कायबी झालं की आमचीच चूक. मी चुकलो असं मला तोंडावर कुनी म्हनलं न्हाई. ह्या ताई म्हनल्या. सगळ्याम्होरं म्हनल्या."

 मालक माझ्याकडं वळले. "अजून किती चुका हायत म्हनायच्या कारखान्यात?"

"माहीत नाही, साहेब. मला दिसल्या असत्या तर त्या लोकांना कशाला बोलावलं असतं?"

ते हसले नाहीत. चार्जचं पत्र पुढं सरकवून त्यांनी सही कुठं करायची ती जागा दाखवली.

पंप सुरू करायची वेळ झाली होती. मी आणि काका चालत खोलीशी आलो. एरवी दार उघडून ते सरळ खाली उतरतात. त्या दिवशी ते वरच थांबले आणि त्यांनी माझ्या हातातल्या मीटरकडं बोट केलं. "ताई, आता सही तुमची. आधी तुमी उतरा."

मी पायरीपायरीनं खाली उतरले, मीटर जमिनीला टेकवून पूर्ण मिनिटभर धरलं. शून्य होतं. मग मी वर बघून म्हणाले, "या काका," आणि ते आले.